अक्काने निवडलेल्या खारका

अक्का, माझ्या लेकीच्या, मीनाच्या डोहाळजेवणाला भरल्या घरात उभं राहून मी म्हणालो, "आधी आमच्या अक्काची ओटी भरा," आणि हे तुला अगोदर विचारायला विसरलो.

विसरलो हेही खोटंच. विसरायला ते आधी मनात यावं लागतं. माझ्या मनात आलंच नव्हतं. तुझी ओटी, तुझा पदर, तुझं वैधव्य, आणि विचार मात्र मी एकटा करत होतो, तोही दाढी करताना आरशासमोर. वाक्य कुठे तोडायचं, कुणाकडे बघून बोलायचं, सगळं ठरलं होतं. फक्त जिच्याबद्दल बोलायचं ती स्वयंपाकघरात खारका पुसत बसली होती, तिच्याकडे मी गेलो नाही.

आज तू जाऊन सोळा दिवस झाले. लोक अजून येतात. तू किती शांत होतीस, किती सोसलंस, असं सांगतात. मी मान हलवतो. शांत? तुला इथल्या, बंगलोरच्या शिवाजीनगरच्या दुकानात कधी पाहिलं नाही त्यांनी. तू पायरी चढताना दिसलीस की दुकानदार खादरभाई पोत्यांची तोंडं घाईघाईने सारखी करायचा, जणू इन्स्पेक्टरच आला.

आपण बसवनगुडीत राहणारी माणसं. गांधीबझार चालत दहा मिनिटांवर. तिथे उत्तुत्ते मागितले की हव्या तेवढ्या खारका मिळतात, पुडी बांधून, हसून. पण तुला त्या चालायच्या नाहीत. "त्या खारका नाहीत तम्मा, खारकांची पेन्शनर मंडळी आहेत," म्हणायचीस. धाकट्या भावाला तम्मा म्हणायची ही इथलीच रीत. म्हणून दोन बसेस बदलून शिवाजीनगर. पिशवी माझ्याकडे, अडकित्ता तुझ्या पर्समध्ये. शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंच्या पर्समध्ये अडकित्ता बघून एकदा बसमधली बाई दुसऱ्या सीटवर जाऊन बसली होती. तू तिला काही समजावलंही नाहीस. उलट ऐसपैस बसलीस.

तुझी पद्धत मी इतकी वर्षं पाहिली आणि मला ती आली नाही. पोत्याच्या तोंडाशी असतात त्या खारकांना तू हातही लावायची नाहीस. "वरच्या नटून बसलेल्या असतात." कोपरापर्यंत हात आत घालून तळातून मूठभर काढायचीस. दोन या तळहातावर, दोन त्या, आणि डोळे मिटायचीस. गर भरलेली खारीक जड लागते. नुसती कातडी आणि आत बी असली तर हाताला कळतं, म्हणे. तुझ्या हाताला कळायचं. मग देठाकडच्या टोपीपाशी नखाने खरवडायचीस, कारण किडीचं टाचणीएवढं भोक तिथेच असतं. अंगावर पांढरं काही दिसलं की अंगठा फिरवायचीस. साखर असली तर बोटाला चिकटते, किडीचा भुगा असला तर उडून जातो. सगळ्यांत शेवटी कानापाशी हलवायची. आत बी खुळखुळली की खारीक परत पोत्यात.

मी एकदा तसंच करून बघितलं. खारीक कानाला लावून बराच वेळ उभा राहिलो. काही ऐकू येईना. खादरभाईने गल्ल्यावरून विचारलं, "साब, किस का फोन है?"

तू हसली नाहीस. हातातली खारीक खाली ठेवून म्हणालीस, "त्याला उचलता आला तरी बोलता येणार नाही, खादरभाई." मग दोघेही हसलात, आणि मी पिशवी धरून उभा.

तुझं आणि खादरभाईचं भांडण म्हणजे माझी वर्षातली करमणूक होती. तो कंटाळून म्हणायचा, "क्या अक्का, इत्ता क्या देखते? खारक ले रे कि दामाद?" आणि तू अडकित्त्याने एक खारीक फोडून आतला काळा भुगा त्याच्यासमोर झटकत म्हणायचीस, "दामाद में कीडा निकला तो कौन वापस लेता? खारक तो तुम को लेना पडता!" तो कपाळाला हात लावून नवं पोतं सोडायचा. निघताना मात्र स्वतः उठून तुझ्या पुडीला दुहेरी दोरा बांधायचा. इतर गिऱ्हाइकांना एकेरी. हे मी बघून ठेवलं होतं, तुला कधी सांगितलं नाही.

तुझ्याशिवाय मी एकदाच खारका आणल्या होत्या, तुला ताप होता म्हणून. चुलतभावाच्या लग्नातल्या ओट्यांसाठी. दुकानात खारकांशेजारी काळेभोर, तुकतुकीत, मऊ खजूर दिसले. मला वाटलं, जातभाईच आहेत, आणि दिसायला किती बरे! तेच घेतले. नव्या नवरीच्या ओटीत घातले. ते तिच्या रेशमी शालूला असे चिकटले की रात्री तिच्या आईला ते चाकूच्या पाठीने काढावे लागले. तू तापात उठून बसलीस आणि म्हणालीस, "तम्मा, ओटीत खारीक का घालतात माहीत आहे? ती टिकते. तू ओटीत चिखल घातलास रे." पुढे कित्येक वर्षं त्या सुनेची ओळख करून देताना तू माझ्याकडे बघून नुसती भुवई उचलायचीस.

हे सगळं मी उगाच सांगत नाही. खारकेपाशी येऊन थांबतो, पुढे जायला धीर होत नाही. जातो.

एका ओटीत पाच खारका. पाचही सारख्या लांबीच्या, सारख्या रंगाच्या, एकीलाही भोक नाही. नवरात्रात, लग्नात, बारशाला, आपल्या घरातून ज्या ज्या बाईची ओटी भरली गेली तिच्या पदरात पडलेली प्रत्येक खारीक तुझ्या तळहातावर तोलून आलेली होती. नवरा गेल्यावर, सव्विसाव्या वर्षी तू सासर सोडून आपल्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलीस, त्यानंतर तुझी स्वतःची ओटी कुणी भरली नाही. ताट तू लावायचीस. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, बदाम, खारका. ते सुमनच्या, तुझ्या भावजयीच्या हातात द्यायचीस आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायचीस. तिथून तुला सगळं दिसायचं. तू कुणाला फारशी दिसायची नाहीस.

हे मला इतक्या वर्षांत एकदाही टोचलं नाही. आता खरं बोलायला हरकत नाही, म्हणून सांगतो. टोचलं ते पुण्याची माणसं आली तेव्हा.

मीनाने तो पुण्याचा मुलगा निवडला, इथे कम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला आलेला. मुलगा चांगला. त्याची आईही चांगली. पण पहिल्याच भेटीत विहीणबाई मला म्हणाल्या, "तुमचं मराठी किती गोड आहे हो! अगदी जुन्या काळातलं!" मी तेव्हा "स्वल्प कॉफी घ्या की" असं म्हणालो होतो. त्या कौतुकाने बोलल्या असतील. मला मात्र ते लागलं. तीनशे वर्षं इथे राहून आपण शिळे झालो, असं या बाईला वाटतंय, असं मी धरलं. आणि तेव्हापासून आपणही नव्या विचारांचे आहोत हे पुण्याला दाखवून द्यायची संधी मी शोधत होतो.

ती मला तुझ्यात सापडली, अक्का.

डोहाळजेवणाच्या दिवशी तीसेक बायका होत्या. मीना हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून बसलेली. तू दारात ताट घेऊन उभी. आणि मी मधोमध जाऊन, घसा खाकरून, घरात कधी न बोललेल्या मराठीत सुरू केलं. जुन्या चालीरीती, स्त्रीचा सन्मान, आमचं घर, आमची परंपरा. शेवटी हात तुझ्या दिशेने करून ते वाक्य. विहीणबाई "अगदी, अगदी! काय हरकत आहे!" म्हणत कुंकवाचा करंडा घेऊन उठल्याही. सगळ्या बायका वळल्या आणि तुझ्याकडे बघू लागल्या.

मी विहीणबाईंकडे बघत होतो. तुझा चेहरा मी पाहिलाच नाही. सुमनने पाहिला. ती नंतर म्हणाली, शाळेत पोरीला बाकावर उभं करतात ना, तशा दिसत होत्या.

तू ताट खुर्चीवर ठेवलंस, नारळ घरंगळू नये म्हणून त्याला टेकू दिलास, आणि आत गेलीस. मागच्या खोलीची कडी लागल्याचा आवाज मात्र मला ऐकू आला. विहीणबाई करंडा हातात घेऊन तशाच उभ्या. मीना रडायला लागली. आणि सुमन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "स्वयंपाक अक्कांनी केलाय. आता वाढा तुम्ही."

तीस पानं मी वाढली. एका बाईच्या खिरीत सार ओतलं. ती माउली तशीच जेवली.

तीन दिवसांनी मी तुझ्या खोलीच्या दारात आलो. माफी मागायला नव्हे, वाद घालायला. तू मशीनवर बसून कुणाचा तरी परकर शिवत होतीस.

"माझं चुकलं काय, ते सांग," मी म्हणालो.

"काही नाही."

"मग? मी बरोबरच बोललो की नाही? विधवा बाईची ओटी भरायची नाही, हे बरोबर आहे?"

"ते मला विचारतोस?"

"मग कुणाला विचारू?"

तू मशीन थांबवलंस. "तेच तर. परवा कुणाला विचारलंस?"

"अक्का, मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी असतं तर स्वयंपाकघरात आला असतास. मी सकाळपासून तिथेच होते. तू बैठकीत गेलास. तुला माझी ओटी भरायची नव्हती तम्मा, तुला त्या पुण्याच्या बाईकडून शाबासकी हवी होती."

मी रागाने म्हणालो, "बेडा, नको तर नको. तुला आयुष्यभर त्या चौकटीतच उभं राहायचं असेल तर राहा."

तू परत पाय चालवायला लागलीस. मशीनच्या आवाजात म्हणालीस, "तिथे उभं राहायला मला किती वर्षं लागली ते तुला काय माहीत. तू एका मिनिटात सगळ्यांना दाखवून दिलंस की मी तिथे आहे."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं. कळलं कधी, ते नाही सांगता येत. पुढचे कित्येक महिने मी ऑफिसात, बसस्टॉपवर, जो भेटेल त्याला ही हकिकत सांगत होतो आणि विचारत होतो, तत्त्व बरोबर होतं ना? सगळे म्हणायचे, तत्त्व बरोबर होतं. एवढ्या लोकांचं मत घेतलं मी. मत घ्यायला मला आवडतं, असं दिसतं. फक्त योग्य माणसाचं सोडून.

त्यानंतर ओटीच्या खारका तू आणल्या नाहीस. "आता तुम्ही आणा," सुमनला म्हणालीस. मी प्लास्टिकच्या पिशवीतल्या आणायला लागलो, कोपऱ्यावरच्या दुकानातून. कुणाला फरक कळला नाही. त्याचंच मला वाईट वाटायचं. इतकी वर्षं तू जे तोलत होतीस, ते तुझ्याशिवाय कुणाला कळतही नव्हतं.

पण मीना बाळंत झाली तेव्हा तू कुणाला न सांगता एकटी शिवाजीनगरला गेलीस. साठी उलटलेली, दोन बसेस, पिशवी स्वतः धरून. डिंकाच्या लाडवांसाठीच्या खारका मिक्सरला लावू दिल्या नाहीस. त्या उन्हात वाळवून, एकेकीची बी काढून, खलबत्त्यात कुटल्यास. दोन दिवस घरात तो ठोका ऐकू येत होता. लाडवांचा डबा सुमनच्या हाती मीनाकडे धाडलास. मीही बरोबर होतो; वाटेत, जयनगरच्या बसमध्ये, एक काढून खाल्ला. अक्का, त्यात बीचा एक कण दाताखाली आला नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो. सुमनने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "डिंक लागला दाढेला."

पुढे मीना बाळाला घेऊन आपल्याकडे राहायला आली, तेव्हा बाळाला गुटी द्यायची ती तूच. सहाणेवर खारकेचे वळसे देताना तू त्या तीन महिन्यांच्या पोरीशी बोलायचीस, मला ऐकू जाईल अशा बेताने. "आजोबांना सांग गं, उन्हात उभे राहू नका, आम्हाला ऊन हवंय." मीही पोरीलाच सांगायचो, "तुझ्या मोठ्या आजीला सांग, आजोबा कॉफी करताहेत, हवी असेल तर." असं ते पोर आपला टपालवाला झालं. तिला बोलता येत नव्हतं म्हणून बरं. पण एक गोष्ट दोघांनीही तिच्या हाती कधी दिली नाही.

आणि मग या वर्षी तूच म्हणालीस, "चल, शिवाजीनगरला जाऊन येऊ. पिशवी घे."

मी इतका खूश झालो की दोन पिशव्या घेतल्या. पायऱ्या चढून तू खादरभाईच्या स्टुलावर बसलीस. याआधी तू त्या दुकानात कधी बसली नव्हतीस. खादरभाईने पाणी दिलं. तू म्हणालीस, "तम्मा, आज तू निवड."

मी हात घातला, कोपरापर्यंत. तळहातावर घेतल्या, डोळे मिटले. काहीही कळलं नाही. टोपी खरवडली, अंगठा घासला, फोन लावला. अर्ध्या तासाने ढीग तुझ्यापुढे ठेवला आणि आता तू अर्ध्याअधिक परत टाकशील म्हणून वाट बघत उभा राहिलो. तू बघितलंस. हात पुढे केला नाहीस. "सरी, चालतील," म्हणालीस. "बांध, खादरभाई."

तू तपासल्या नाहीस, अक्का. डॉक्टरांनी पुढे छातीचे फोटो काढले, काय काय लिहून दिलं. मला ते तिथेच कळायला हवं होतं, त्या स्टुलापाशी. खादरभाईला कळलं होतं बहुतेक. दोरा बांधून झाल्यावर तो पायऱ्या उतरताना तुझ्यामागे खालीपर्यंत आला.

बसमध्ये तू खिडकीशी. पुडी मांडीवर. बस बरीच पुढे आल्यावर तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तम्मा, त्या दिवशी तू मला आधी विचारलं असतंस, तर..."

आणि मी म्हणालो, "स्टॉप आला, ऊठ."

स्टॉप आला नव्हता. त्याला अजून वेळ होता. मला भीती वाटली, एवढंच. हो म्हणाली असतीस तर तीस-पस्तीस वर्षं माझ्या डोक्यात का आलं नाही, हे विचारलं असतंस. नाही म्हणाली असतीस तर माझं तत्त्व गेलं असतं. माझं दोन्हीकडून मरण होतं, म्हणून मी तुझं वाक्य तोडलं. आणि आपण दोघं चालत्या बसमध्ये दांडी धरून उभे राहिलो. तुला धाप लागलेली, आणि स्टॉप येता येईना. तुला कळलं होतंच. तू परत बसली नाहीस.

ते "तर" मी रोज पुरं करून बघतो. तर भरली असती. तर मी नको म्हणाले असते, पण बरं वाटलं असतं. तर मी म्हणाले असते, आपण दोघंच असताना भर, सुमनला सांग, पुण्याला कशाला. तुझ्या आवाजात म्हणून बघतो. सगळीच वाक्यं तुझी वाटतात. एकही धरून ठेवता येत नाही.

दवाखान्यात मी रोज ठरवून यायचो. आज विचारतो. मग तुझ्या नाकावरची ती नळी दिसायची आणि मी विनोद करायला लागायचो. नर्सची नक्कल, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची नक्कल. तू हसायचीस, हसलं की खोकला यायचा, खोकला आला की सुमन मला बाहेर पाठवायची. शेवटच्या आधीच्या दिवशी तू डोळे मिटूनच विचारलंस, "नवरात्राला खारका कुठून आणल्यास?" मी म्हणालो, "शिवाजीनगर." कोपऱ्यावरच्या दुकानातल्या होत्या. तू म्हणालीस, "बरं केलंस." आपल्यातलं शेवटचं बोलणं म्हणजे माझी थाप आणि तू तिला दिलेली शाबासकी. तुला थाप कळली असेल, असंच मी धरून चाललोय. तसं धरलं की जरा झोप लागते.

तू सकाळी गेलीस. दहापर्यंत तुला घरी आणलं. बायकांनी तुला न्हाऊ घातलं, ती राखाडी काठांची साडी नेसवली, बैठकीत ठेवलं. डोहाळजेवणाला मीना बसली होती साधारण तिथेच. बायकाही बऱ्याचशा त्याच. भटजी घाई करत होते.

मी तुझ्या खोलीत गेलो. कपाटात तुझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात खारका होत्या, मी निवडलेल्या नव्हेत. त्याआधीच्या, तुझ्या हातच्या, लवंगा घालून ठेवलेल्या. मी पाच घेतल्या. तोलल्या नाहीत, हलवल्या नाहीत. तुझ्या डब्यातल्या तपासायच्या कशाला? सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि येऊन तुझ्या पायांशी उभा राहिलो. ठरवलं होतं की बोलायचं नाही, भाषण नाही, कुणाकडे बघायचं नाही. वाकायचं, पदराचा कोपरा उचलायचा, ठेवायच्या. कुणी काही म्हणालं तर म्हणू दे.

हात खिशात गेला. खारकांना लागला. आणि मला एकदम वाटलं, याही वेळी मी हिला विचारलेलं नाही.

अक्का, मी तुझ्याकडे बघत राहिलो. या वेळी चेहराच बघत होतो, दुसरीकडे कुठे नाही. कपाळावर किंचित आठी होती, खारीक उन्हाकडे धरून बघताना पडायची तशी. त्यातून हो निघेना, नाही निघेना. मागून कुणीतरी म्हणालं, "बाजूला व्हा, नमस्कार करायचाय." मी बाजूला झालो. मग भटजींनी हाक मारली. अग्नी मीच द्यायचा होता, म्हणून सदरा काढून धोतर नेसायला सांगितलं. सदरा खुंटीवर अडकवला. पाच खारका त्याच्या खिशात राहिल्या. तुला उचललं तेव्हा तुझा पदर रिकामाच होता.

दुपारी परत आलो, आंघोळ केली. सुमन त्या दिवशीचे कपडे भिजवायला गोळा करत होती. तिने सदऱ्याचा खिसा चाचपला आणि खारका ओट्यावर काढून ठेवल्या. माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. डब्यातून घेतल्याचं, पायांशी उभं राहिल्याचं, विचारलं नाही म्हणून थांबल्याचं. बसमधलं ते तोडलेलं वाक्यसुद्धा सांगितलं, जे तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगताना मला रडू आलं. आज तरी ही दोन शब्द बरे बोलेल असं वाटलं.

सुमनने सदरा बादलीत बुडवला.

"शहाणेच आहात," ती म्हणाली. "आज तरी त्या ताट ठेवून आत जाणार नव्हत्या, आणि नेमकं आजच तुम्हाला विचारायचं सुचलं?"